वेगवान लॅपच्या पलीकडे

संपादक महोदय,

फ्रान्समधल्या ल मांच्या २४ तासांच्या मोटार शर्यतीची बातमी आली की सर्वांत वेगवान लॅपचाच (ट्रॅकच्या एका फेरीचाच) आकडा ठळक छापला जातो. मी ही शर्यत वही आणि स्टॉपवॉच घेऊन बघतो (घरचे हसतात, हसू देत). २०१७ च्या पात्रता फेरीत कामुई कोबायाशीने टोयोटातून १३.६२९ किलोमीटरची लॅप ३ मिनिटे १४.७९१ सेकंदांत मारली. शर्यतीत ती गाडी क्लचपायी रात्रीच बाद झाली. जिंकली ती पोर्शे, जी दुरुस्तीसाठी तासाभराहून जास्त वेळ पिटमध्ये अडकली होती!

माझी वही भरते ती त्याच टायरांवरच्या दुसऱ्या स्टिंटमध्ये (स्टिंट म्हणजे पिटच्या दोन थांब्यांमधला पल्ला). पुढचे टायर झिजले की वळणात गाडीचं नाक बाहेर पळतं, चालक स्टीअरिंग आणखी वळवतो आणि टायर आणखीच तापतात. त्यात पोर्शे कर्व्ह्ज नावाच्या वळणांमध्ये समोर याच शर्यतीतली खालच्या गटाची हळू जीटी गाडी आली, तर नेहमीची रेषा सोडावी लागते. बाजूला रबराचा चुरा पडलेला असतो, पकड जाते, सेकंद-दोन सेकंद तिथेच गळतात. पहाटेपर्यंत हे किती वेळा होत असेल!

तेव्हा पुढच्या वेळी विजेत्या गाडीची प्रत्येक स्टिंटची सरासरी लॅपही छापा, चौकट लहान असली तरी चालेल.

– एक वाचक