‘तोवर’ माल उडवा?

महोदय,

आपल्या करिअर पुरवणीत नव्या वैमानिकांना सल्ला होता, की प्रवासी कंपनीत जागा मिळेपर्यंत ‘तोवर’ मालवाहू विमानं उडवा. हा ‘तोवर’ खटकला. २०२० मध्ये प्रवासी विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा माल उडतच होता. मी आधी दोन वर्षं माल उडवला, आता छोट्या मार्गांवर एटीआर ७२ हे दोन वैमानिकांचं प्रवासी विमान उडवते.

लायसन्स हातात आलं तेव्हा माझं सगळं लक्ष उड्डाणाच्या तासांवर. एटीपीएलला, म्हणजे एअरलाइनमध्ये कॅप्टन होण्याच्या लायसन्सला, १५०० तास लागतात. मी माल उडवायचे ते कॅराव्हॅन एका इंजिनाचं छोटं विमान, आत मी एकटी, म्हणजे प्रत्येक तास कमांडचा, कॅप्टन म्हणून धरला जाणारा. हिशेब चोख होता. कामही आवडलं, खोटं कशाला बोलू! शेपटीखाली टेकू लावून माल भरायचा, नाहीतर वजन मागे जाऊन विमान शेपटीवर बसतं. खोकी पुढे-मागे करायची, जाळी स्वतः ओढून बघायची. पंखांवर बर्फ धरेल असं वाटलं तर ‘आज नाही’ म्हणायचं, तेही घड्याळाकडे बघत उभ्या असलेल्या माणसांसमोर. इतक्या लवकर हे दुसरीकडे कुठे शिकायला मिळालं नसतं.

पण चुकलं तर सांगणारं कुणी नव्हतं. ते कळलं एटीआरच्या सिम्युलेटरमध्ये. टेक-ऑफनंतर फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर घ्यायला मी तोंडाने सांगायचं आणि लिव्हर शेजारच्याने हलवायचा. माझा हात सवयीने गेला आणि त्याच्या हातावर आपटला. इन्स्ट्रक्टरनी सिम्युलेटर थांबवला. “बाई, शेजारी माणूस बसलाय.” पहिल्या चेकमध्ये, म्हणजे परीक्षेत, मी नापास झाले. हाताळणीबद्दल तक्रार नव्हती. मोठ्याने वाचायची चेकलिस्ट मी मनातल्या मनात वाचत होते.

मोठ्या मालवाहू विमानांत दोघं असतातच. त्यामुळे पहिली नोकरी धरताना माल की माणसं यापेक्षा शेजारची खुर्ची भरलेली आहे की रिकामी, हे मी आधी विचारलं असतं.

दुसरं, झोप. लेखात तिचा उल्लेखही नाही. पहाटे दोन ते सहा या वेळात शरीर सर्वांत मंद असतं, आणि माल बऱ्याचदा तेव्हाच उडतो. अमेरिकेत २००९ च्या बफेलो शहराजवळच्या प्रवासी विमानाच्या अपघातानंतर वैमानिकांच्या ड्युटी आणि विश्रांतीचे नवे नियम झाले, जानेवारी २०१४ पासून लागू झाले; मालवाहू कंपन्यांना मात्र खर्चाचं कारण देऊन त्यातून वगळलं. लागू होण्याच्या काही महिने आधीच, १४ ऑगस्ट २०१३ ला, अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमला पहाटेच्या अंधारात उतरताना एक मालवाहू एअरबस कोसळली आणि दोन्ही वैमानिक गेले. तपासात थकव्याचाही वाटा निघाला. त्यात दिवसा मिळालेल्या सुटीत झोप न घेणं हेही होतं, आणि ते वाचून मी गप्प झाले. दिवसा पडदे लावून पडायचं आणि फोन बघत राहायचं, हे मीही केलंय.

प्रादेशिक सेवेत सगळं सुखाचं आहे असं नाही. दिवसाला चार-चार लँडिंग, संध्याकाळी कुठल्या गावात आहोत ते खोलीच्या किल्लीवर वाचायचं. पण तिसऱ्या लँडिंगला मी घाई केली की शेजारून आवाज येतो.

पुढच्या लेखात पगाराच्या तक्त्याशेजारी महिन्याचं एक रोस्टरही (ड्युटीचं वेळापत्रक) छापा. माझं मालवाहू दिवसांतलं जुनं रोस्टर आहे, हवं तर पाठवते.

— एक वैमानिक