खाडी दाखवायची तर कोळ्याच्या होडीतून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि शहरातल्या पर्यटनाच्या चर्चेला जोर आला. आलेल्या पाहुण्यांना काय दाखवायचे असे विचारले की बहुतेकांच्या तोंडी एकच उत्तर येते, फ्लेमिंगो. चौकात त्यांचे पुतळे, भिंतींवर त्यांची चित्रे, आणि शहर स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेते. मलाही हे पक्षी प्रिय आहेत. पण ज्या खाडीवर ते उतरतात तिच्या काठी पिढ्यानपिढ्या राहिलेल्या आगरी-कोळ्यांना या बेतांत कोणी विचारलेले दिसत नाही. माझे माहेर दिवाळे कोळीवाड्यातले, त्यामुळे गप्प राहवत नाही.

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांबीची. ऑगस्ट २०१५ मध्ये तिच्या सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्राला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला; त्यात निम्म्याहून जास्त भाग तिवरांचा, म्हणजे खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या कांदळवनाचा आहे. २०२२ मध्ये ठाणे खाडीचे नाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत गेले. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने पक्षी पाहता येतात, आणि भरती-ओहोटी पाहून फेऱ्यांच्या वेळा ठरतात. हे सगळे चांगलेच झाले. हिवाळ्यात मुलांना घेऊन जाणारे कितीतरी पालक मला भेटतात. मुले हरखून जातात, तोही आनंद खराच.

पण बोटीतून उतरताना लोक एक चुकीची समजूत घरी नेतात. खाडी गुलाबी दिसली, म्हणजे ती धडधाकट आहे, असे त्यांना वाटते. फ्लेमिंगो चोच उलटी करून गाळातले सूक्ष्म शेवाळ गाळून खातात. आसपासच्या शहरांचे सांडपाणी खाडीत येते, त्यातल्या पोषक द्रव्यांवर हे शेवाळ फोफावते, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे ज्या पाण्याने पक्ष्यांचे ताट भरले, त्याच पाण्याने कोळ्याचे जाळे रिकामे केले. त्यात ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांनी वर्षानुवर्षे सोडलेले पाणी आहे, गाळ साचून उथळ झालेले पात्र आहे. जिताडा मासा एके काळी आमच्याकडे पाहुण्यांसाठी हमखास रांधला जायचा. आता तो मिळाला तर शेजारीपाजारी बघायला येतात. चिंबोऱ्या, बोईट, कोलंबी, सगळ्यांची हीच गत. गाळात उतरून हाताने निवट्या (चिखलातले छोटे मासे) आणि खुबे (शिंपले) धरणाऱ्या बायांचे पाय खाडीतल्या काचांनी आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांनी कापतात. ही गोष्ट पर्यटकाला कोण सांगणार? खाडीवर पोट असलेला माणूसच सांगेल. म्हणून माझे म्हणणे आहे की खाडीचे पर्यटन करायचे तर ते कोळ्याच्या होडीतून, त्याच्या तोंडून आणि त्याच्या मालकीने व्हावे.

मालकी हा शब्द मी मुद्दाम वापरते. १९७० मध्ये सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झाले आणि ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या आंदोलनात पाच जणांनी गोळ्या झेलल्या, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे आली. जमिनीचा मोबदला निदान मोजता तरी येतो. खाडीचा सातबारा कोणाच्याच नावावर नव्हता, त्यामुळे ती हातची जात असताना कोणाला नोटीसही आली नाही. पाम बीच रस्ता झाला आणि काही गावांची होडी व घर यांच्यामध्ये भरधाव गाड्या आल्या. वाशीच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये मच्छीमारांचा परंपरागत हक्क मानला आणि त्यांना भरपाई मिळायला हवी, असे सांगितले. पुलासाठी जो हक्क मानला गेला तो पर्यटनाच्या आराखड्यात का नसावा?

खाडीचे ज्ञान हाही त्या हक्काचाच भाग आहे. आमच्याकडचे म्हातारे तिथी ऐकून भरतीची वेळ सांगतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी तिवरांत किती आत चढेल आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, कुठे थांबेल, हे त्यांना घड्याळाशिवाय कळते. ओहोटीला चिखल उघडा पडला की फ्लेमिंगो तिथे चरतात. भरती चढली की त्यांना उभे राहायला उथळ पाणी लागते, मग ते नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर, डीपीएस तलाव, एनआरआय वसाहत आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या परिसरात येतात. या जागा बुजल्या किंवा त्यांचे भरतीचे पाणी अडले तर पक्षी जाणार कुठे? २०२४ मध्ये याच नेरुळ परिसरात फ्लेमिंगो मेल्याच्या बातम्या आपल्या सर्वांच्या वाचनात आल्या. पाणथळीकाठी दिवे लावून, सेल्फी पॉइंट उभारून आणि ड्रोन उडवून पर्यटन वाढत नसते. विश्रांती मोडलेला पक्षी दुसरी जागा शोधतो. तिवरे तोडण्याला आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातल्या बांधकामाला उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मनाई केली आहे. ती पाळली गेली तरी निम्मे काम होईल.

आपल्याच किनाऱ्यावर याचे नमुने आहेत, लांब जायला नको. रत्नागिरीच्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला समुद्री कासवांची पिल्ले पाण्यात जाताना बघायला लोक येतात, गावकऱ्यांच्या घरी उतरतात, त्यांच्या हातचे जेवतात. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत लोकांना तिवरांची सफर घडवतात. दोन्ही ठिकाणी निसर्ग टिकला तरच चूल पेटते, म्हणून गाव स्वतःच राखणदार झाले. राज्य शासनाची कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना २०१७ पासून आहे. खेकडापालन, कालवपालन यांच्या जोडीला तिच्यात निसर्ग पर्यटनही येते. मग दिवाळे, सारसोळे, वाशी, दिवा, ऐरोली, घणसोली या गावांतल्या मच्छीमार संस्थांना आणि महिला गटांना होड्या, जीवरक्षक जॅकेट, परवाने आणि पक्ष्यांचे रीतसर प्रशिक्षण द्यायला काय हरकत आहे? जाळे टाकायला जाणारा तरुण सकाळी पाहुण्यांनाही फिरवील. त्याच्या आईने रांधलेले चिंबोरीचे कालवण आणि तांदळाची भाकरी त्याच पाहुण्यांना गावात बसून खाता येईल. कोळी महोत्सवाच्या नावाखाली मैदानात मंडप घालून बाहेरच्या कंत्राटदाराने विकलेल्या जेवणापेक्षा ते केव्हाही चांगले.

बघण्यासारखेही पुष्कळ आहे. बेलापूरच्या किल्ल्याने सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज अशी चार राज्ये पाहिली. त्याचे आता थोडेच अवशेष उरले आहेत आणि रोज शेजारून जाणाऱ्या अनेकांना त्यांची दखलही नसते. सारसोळेचे कोळी महाशिवरात्रीला खाडीकाठी बामणदेवाचा भंडारा करतात. नारळी पौर्णिमेला प्रत्येक कोळीवाड्यातून सोन्याचा नारळ निघतो, तिकडे ठाण्यात चेंदणी कोळीवाडाही त्या दिवशी सजतो. मात्र एक विनंती आहे. या आमच्या पूजा आहेत, कार्यक्रम नव्हेत. कुठला सण पाहुण्यांना दाखवायचा आणि कुठला घरापुरता ठेवायचा, हे गावाने ठरवावे. सुकट वाळत घालणाऱ्या बाईच्या तोंडासमोर न विचारता मोबाइल धरणाऱ्यांनीही जरा विचार करावा.

आमच्या बाजूनेही काही पाळावे लागेल, हे मी माझ्या लोकांनाही सांगते. होडीवर स्पीकर नको, थव्यात इंजिन घालून पक्षी उडवून दाखवणे नको, जेटीवर थर्माकोल आणि बाटल्या टाकणे तर नकोच. फेऱ्या किती, याची मर्यादा वन विभाग आणि मच्छीमार संस्था यांनी एकत्र बसून ठरवावी आणि तिकिटाच्या पैशातला ठरावीक वाटा जेटीच्या दुरुस्तीसाठी व खाडीच्या सफाईसाठी त्याच गावात राहावा.

विमानतळामुळे येणाऱ्या पाहुण्यांसाठी महापालिका, सिडको आणि वन विभाग जे काही आखत असतील, त्याचा मसुदा पक्का होण्यापूर्वी तो मराठीत प्रत्येक कोळीवाड्याच्या मच्छीमार संस्थेकडे पाठवावा आणि गावातच बैठक घ्यावी. बैठकीची वेळ तेवढी भरती-ओहोटी बघून ठरवा, म्हणजे होडीवर गेलेली माणसेही येऊ शकतील.

आपली,
एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई