आईच्या प्रश्नाचं उत्तर, कॉकपिटमध्ये धूर झाला तर

शारजा, शुक्रवार रात्र

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आई, परवा फोनवर तू विचारलंस की पायलट व्हायला शिकणाऱ्या आपल्या सायलीच्या विमानात धूर झाला तर तिला समोरचं दिसणार कसं, आणि मी "अगं काही होत नाही गं" म्हणून विषय बदलला. ते तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. तू एकदम नेमका प्रश्न विचारलास, आणि मी रोज विमानं तपासायचंच काम करतो तरी तुला नीट उत्तर दिलं नाही. म्हणून आज सुट्टी आहे तर बसून सगळं लिहितोय. रविवारी सायली बारामतीहून आली की तिलापण वाचायला दे.

आधी श्वासाचं सांगतो. पायलटच्या बाजूला ऑक्सिजन मास्कची पेटी असते, त्यातला मास्क एका हातानं ओढायचा, लाल खटके चिमटीत दाबले की मागचा रबरी पट्टा ऑक्सिजननं टम्म फुगतो, तो डोक्यावरून घालून खटके सोडले की मास्क चेहऱ्याला गच्च बसतो. पाच सेकंदात झालं पाहिजे असा नियमच आहे. डोळ्यांवर गॉगल येतो, त्यात धूर शिरत नाही. म्हणजे सायली श्वास घेऊ शकेल, डोळे चुरचुरणार नाहीत, इथपर्यंतची सोय प्रत्येक मोठ्या विमानात आहे.

पण गॉगलच्या पुढे काय? तुला आठवतंय का, आजीच्या वेळी पावसाळ्यात ओली लाकडं पेटायची नाहीत आणि सगळं स्वयंपाकघर धुरानं भरायचं, तू डोळ्याला पदर लावून अंदाजानंच मिठाचा डबा शोधायचीस. आता समज तुला कुणी चांगला गॉगल दिला असता, डोळ्यातलं पाणी थांबलं असतं, पण डबा दिसला असता का? नसता. डोळा आणि डबा यांच्या मधे धूर तसाच आहे ना. कॉकपिटमध्ये अगदी तेच होतं, फक्त डब्याच्या जागी उंची, वेग, दिशा दाखवणारे डिस्प्ले आणि समोरची काच.

इथं दुबईत 2010 साली जे झालं ते मी आल्यापासून किती जणांच्या तोंडून ऐकलंय. 3 सप्टेंबर, रमजानचा महिना, यूपीएस या अमेरिकन कुरिअर कंपनीचं बोइंग 747 कार्गो विमान, फ्लाइट 6, संध्याकाळी सातला दहा कमी असताना इथून उडालं. आत दोघंच, कॅप्टन आणि फर्स्ट ऑफिसर, म्हणजे दुसरा पायलट. मालात हजारो लिथियम बॅटऱ्या होत्या. बावीसएक मिनिटांनी आगीचा अलार्म वाजला, ते परत दुबईकडे वळले, आणि काही मिनिटांतच कॉकपिटमध्ये एवढा धूर की डिस्प्ले दिसेनात. मग कॅप्टनचा ऑक्सिजनच बंद पडला, तो दुसरा सिलिंडर आणायला खुर्चीतून उठला तो परत आलाच नाही.

राहिला एकटा फर्स्ट ऑफिसर. त्याचा मास्क चालू होता आई, तो श्वास घेत होता, बोलत होता. पण त्याला रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलायला आकडे दिसत नव्हते, म्हणून तो बहरीनच्या कंट्रोलवरच, म्हणजे तिथून विमानांना सूचना देणाऱ्या लोकांच्या फ्रिक्वेन्सीवरच, अडकून राहिला, आणि तिथलं ऐकू येईना तेव्हा आसपासच्या विमानांचे पायलट मधे पडून त्याचे निरोप इकडून तिकडे पोचवत होते. माझी उंची किती, माझा वेग किती, हे तो दुसऱ्यांना विचारत होता. स्वतःच्या समोर सगळं लिहिलेलं असताना. दुबईच्या रनवेवर तो फार उंच आणि फार वेगात आला आणि वरून तसाच पुढे गेला. मग त्याला सांगितलं की डावीकडे दहा मैलांवर शारजा आहे, 095 दिशेला, म्हणजे 95 अंशांवर, जवळजवळ पूर्वेला वळ. त्यानं दिशा लावायच्या नॉबवर 195 लावलं, म्हणजे जवळजवळ दक्षिण. विमान उजवीकडे वळलं, आणि थोड्या वेळात दुबईतल्याच नाद अल शिबाच्या बाजूला मोकळ्या जागेत कोसळलं.

एका आकड्याचा फरक. मी शारजाला ज्या घरात बसून हे लिहितोय तिथून विमानतळ जवळ आहे, विमानं उतरताना आवाज येतो, आणि दर वेळी नाही पण कधीकधी मला ते 095 आठवतं. तो आकडा नेमका का चुकला हे आता कोण सांगणार, पण त्याला दिसत नव्हतं एवढं पक्कं.

आणि ही काही पहिली वेळ नव्हती. 1973 च्या जुलैमध्ये पॅरिसच्या ओर्ली विमानतळाजवळ ब्राझीलच्या वारिग कंपनीच्या बोइंग 707 मध्ये मागच्या टॉयलेटमध्ये आग लागली, धूर पार पुढपर्यंत आला, पायलट लोकांनी कॉकपिटच्या बाजूच्या खिडक्या उघडून त्यातून बाहेर बघत बघत विमान शेतात उतरवलं. 134 पैकी 11 वाचले, बाकीच्यांपैकी बहुतेकांचा आतच धुरानं जीव गेला. विचार कर, एवढं मोठं विमान खिडकीतून डोकं काढून उतरवलंय.

आता बाबा, तुमच्यासाठी एक काम. बादलीत पाणी घ्या आणि त्यात परसातली लाल माती कालवा, पुरातल्या कृष्णेसारखं गढूळ करा. तळाला रुपयाचं नाणं टाका. दिसणार नाही. आता पारदर्शक प्लॅस्टिकच्या पिशवीत नळाचं स्वच्छ पाणी भरून तोंड गच्च बांधा आणि ती पिशवी गढूळ पाण्यात दाबून पार नाण्याला टेकवा आणि वरून बघा. नाणं दिसेल. बादलीतलं पाणी गढूळच आहे, एक थेंबही साफ झाला नाही, पण डोळा आणि नाणं यांच्या मधली जागा स्वच्छ पाण्यानं अडवली की काम झालं.

हीच युक्ती वापरून पायलटसाठी एक उपकरण केलंय, त्याला इव्हास म्हणतात. हवाई बेटांवरच्या बर्टिल वेर्जेफेल्ट नावाच्या माणसानं काढलं, कितीतरी वर्षं झाली. मागच्या वर्षी आमच्याकडे एकानं दाखवायला आणलं होतं तेव्हा मी हातात घेतलं. जाडजूड फाइलएवढा डबा, अडीच किलोच्या आसपास वजन, खुर्चीजवळ ठेवता येतो. उघडायचा, ओढायचं, आत बॅटरीवरचा छोटा पंखा घुंss करत सुरू होतो, तो धुराचीच हवा ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि एका पारदर्शक पिशवीत भरतो. पिशवी फुगत फुगत पुढे सरकते, तिचं एक टोक समोरच्या काचेला आणि डिस्प्लेला टेकतं, दुसरं टोक पायलटच्या तोंडासमोर. अर्ध्या मिनिटाच्या आत तयार. मग गॉगल त्या पिशवीच्या खिडकीला लावायचा आणि बघायचं.

आम्हाला दाखवताना बंद खोलीत नाटकातल्यासारखा खोटा धूर सोडला होता. मी खुर्चीत बसलो होतो, सुरुवातीला समोरचा पॅनेल पांढुरका झाला, मग माझा स्वतःचा हात कोपरापासून पुढे गायब. खरं सांगतो, माहिती असूनही छातीत धडधडलं. मग पिशवी फुगली आणि मी तोंड लावलं, तर दिशेचा आकडा स्वच्छ, अगदी त्याच्या शेजारची बारीक रेघसुद्धा. आजूबाजूला सगळा धूर आणि मधे तेवढी एक उजेडाची वाट. मला एकदम त्या फर्स्ट ऑफिसरची आठवण झाली, डोळ्यात पाणी आलं, मास्क होता म्हणून कुणाला दिसलं नाही.

बॅटरी दोन तास तरी चालते, म्हणजे समुद्रावरून परत यायलासुद्धा वेळ मिळतो. त्या अपघातानंतर यूपीएसनं आपल्या विमानांत हे बसवायचं ठरवलं. अमेरिकेचं विमान खातं, एफएए, त्यांनी स्वतःच्या विमानांत पण बसवलंय. पण बाकीच्या कंपन्यांनी बसवलंच पाहिजे अशी सक्ती मात्र त्यांनी केली नाही, आणि हे मला पटत नाही, कितीही समजावलं तरी पटत नाही. विमानाची चाचणी घेताना बघतात की धूर तयार होणं थांबल्यावर तीन मिनिटांत कॉकपिट साफ होतंय का. अरे पण आग चालूच असेल तर? दुबईच्या विमानात धूर थांबलाच नव्हता, मागून येतच होता, तर तो बाहेर काढून काढून किती काढणार. धूर क्वचित होतो म्हणतात, मान्य, पण मास्क तरी रोज कुठे लागतो, तो ठेवतोच ना आपण. जे स्वतःच्या माणसांसाठी बसवलं ते सगळ्यांसाठी का नको?

सायली, हे तुझ्यासाठी. तुझ्या ट्रेनिंगच्या छोट्या विमानात हे काही नसणार, पण सवयी आत्ताच लागतात. पुढे मोठ्या विमानावर जाशील तेव्हा मास्कची टेस्ट कधी उरकून टाकायची नाही, ऑक्सिजनचा फ्लो येतोय का ते बोटानं दाबून बघायचं, गॉगलला चरा आहे का बघायचं. मी ग्राउंडवर तपासलेलं असतं तरी तू परत तपासायचंस, मला राग येणार नाही. आणि डोळे मिटून स्विचवर हात ठेवायची प्रॅक्टिस कर, रेडिओ कुठे, दिशेचा नॉब कुठे, किती खटके फिरवले की किती अंश. जिथे नोकरी लागेल तिथे विचार की इव्हास आहे का. नवीन पोरगी काय विचारते म्हणतील, म्हणू देत.

आई, तुला सगळं सांगितलंय, काही लपवलं नाही. काळजी कर, पण तिला फोनवर रडून दाखवू नकोस, तिच्या परीक्षा आहेत.

आणि डिसेंबरमध्ये इकडे येताना बाबा, तो तुमचा मोठा पॉवर बँक चेक-इन बॅगेत अजिबात टाकू नका, जवळच्या पिशवीत ठेवा. तो लिथियमचाच आहे, खाली मालात पेटला तर कुणाच्या लक्षात येत नाही, वर तुमच्याजवळ असला तर लगेच कळतं. तो फुगलाय असं मागे म्हणला होता ना, मग आणूच नका, इथे नवीन घेऊ. मेतकूट मात्र आणा.

तुमचा,
दादू