डॉक्टर मॅडम, त्या एका प्रश्नासाठी थँक्यू

नमस्कार मॅडम,

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पण वाचलंत तर तुम्हाला लगेच कळेल की हे कोणाच्या पप्पांबद्दल आहे.

आम्ही त्यांना आरोग्य केंद्रात आणलं ते डोकेदुखीसाठी. त्याच्या आधी एका ठिकाणी दाखवलेलं, तिथे सांगितलं की वय झालंय, विसरायला होणारच. पप्पा सत्तरी ओलांडलेले, सकाळी चहा घेतला की नाही तेच आठवायचं नाही, उजव्या पायातली चप्पल चालता चालता सुटून मागे राहायची आणि त्यांना पत्ताच नसायचा, त्यामुळे घरात सगळे डिमेन्शिया डिमेन्शिया बोलायला लागलेले. बाहेर ओपीडीची एवढी लाईन असताना तुम्ही खुर्ची पुढे ओढून विचारलंत, "काका, मागच्या दोन-तीन महिन्यांत कुठे पडलेला काय? डोकं आपटलेलं?" पप्पा नाही म्हणाले. मग आईला आठवलं की चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधताना स्टुलावरून घसरलेले, पण शुद्ध वगैरे गेली नव्हती, टेंगूळ आलं, बर्फ लावला आणि संध्याकाळी आरतीला उभे पण राहिले.

मग तुम्ही त्यांना दोन्ही हात पुढे करून, तळवे वर ठेवून डोळे मिटायला सांगितलंत. डावा हात होता तिथेच राहिला आणि उजवा हळूहळू खाली यायला लागला, तळवा पण आत वळला. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही मात्र शांतपणे समजावलंत की वयानुसार मेंदू थोडा आकसतो, मग त्याच्या आणि वरच्या आवरणाच्या मधल्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, साध्या धक्क्यानं पण एखादी फाटते आणि रक्त हळूहळू साठत जातं, त्रास दिसायला कितीतरी आठवडे लागू शकतात. हार्टसाठी पप्पा रक्त पातळ करणारी गोळी घेतात हे कळल्यावर तुम्ही ते रेफरलच्या कागदावर अगदी वर लिहून खाली दोन रेघा मारल्यात. १०८ बोलावलीत आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात (गोमेकॉत) स्वतः फोन पण केलात. फोन करायलाच पाहिजे होता असं काही नव्हतं, पण तुम्ही केलात.

गोमेकॉत सीटी काढला तेव्हा डाव्या बाजूला चंद्रकोरीसारखा काळपट पट्टा दिसला, म्हणजे जुनं रक्त, आणि मेंदू मधल्या रेषेवरून सरकलेला. क्रॉनिक सबड्युरल हेमॅटोमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू साठलेलं रक्त. कवटीला भोकं पाडून रक्त काढलं, नळी ठेवली, ती दोन दिवसांनी काढली. वॉर्डातल्या सिस्टर सारख्या येऊन डोळे उघडतात का, नीट बोलतात का, सांगितलं तसं हात हलवतात का बघायच्या आणि आकडा लिहायच्या. ग्लासगो कोमा स्केल म्हणतात त्याला, १९७४ पासून वापरतात, कमीत कमी ३ आणि पूर्ण १५. पप्पांना तिथे नेलं तेव्हा १४ होते, कारण महिना कुठला विचारलं तर भलतंच सांगत होते. ऑपरेशननंतर १५ झाले, आणि सिस्टरनं महिना विचारला तर हे तिलाच उलट विचारतात की तुझी ड्युटी कधी संपते! आई तिथेच रडायला लागली.

मॅडम, स्कॅनर बांबोळीला आहे, सर्जन तिथे आहेत, त्या सगळ्यांचे उपकार आहेतच. पण पप्पा तिथपर्यंत पोचले ते तुम्ही "वय झालंय" यावर थांबला नाहीत म्हणून. हा विस्मरणाचा आजार वेगळा, वेळेत रक्त काढलं तर माणूस परत मिळतो, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. आता आमच्या वाड्यावर कोणी म्हातारं माणूस पडलं की आई दोन-तीन महिने त्यांच्या घरी जाऊन विचारत असते, डोकं दुखतं काय, पाय ओढतो काय, झोप जास्त येते काय. लोक कंटाळतात, पण ती ऐकत नाही.

रक्त परत साठू शकतं म्हणून पुन्हा सीटी करायला सांगितलाय. तो झाला की रिपोर्ट घेऊन ओपीडीला येतो, पप्पा स्वतः चालत येणार आहेत.