पटावर नसलेल्या मुलीच्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर प्रणाम.

येत्या मे अखेरीस आपण नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहात आणि शाल, श्रीफळ, हार यांपैकी काहीही स्वीकारणार नाही असे आपण गावाला बजावले आहे, हे आईकडून कळले. पत्र नको असे मात्र आपण म्हटल्याचे ऐकिवात नाही; त्या पळवाटेचा फायदा घेऊन हे लिहीत आहे. पत्र उघड लिहिण्याचे कारण एवढेच की, जिचे शिक्षण आपण करोनाच्या त्या वर्षी सांभाळलेत ती माझी मुलगी आपल्या शाळेच्या पटावर कधीच नव्हती. तिची हजेरी आपण मांडली नाही, तिचे प्रगतिपुस्तक आपल्या हातून भरले गेले नाही, त्यामुळे तिच्यासाठी आपण केलेल्या कामाची नोंद कोणत्याच दप्तरात सापडायची नाही. ती कुठेतरी असावी, म्हणून हा खटाटोप.

आपली पहिली भेट माण तालुक्यातल्या त्या शाळेतच झाली, पण शिक्षक आणि पालक या नात्याने नव्हे. पुण्यात मी ज्या छापखान्यात बाइंडिंगचे काम करतो तो मार्च २०२० मध्ये बंद पडला, आणि मे महिन्यात पास काढून आम्ही तिघे गावी आलो. बाहेरून आलेल्यांना चौदा दिवस ठेवण्यासाठी गावाकडे जागा होती ती जिल्हा परिषदेच्या शाळेची, आणि तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवण्याची ड्यूटी होती आपली. व्हरांड्यात टेबल, रजिस्टर आणि ताप पाहण्याचे यंत्र घेऊन आपण बसलेल्या असायच्या. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मुलगी कंटाळून खिडकीचे गज धरून उभी असताना आपण बाहेरून विचारलेत, “खिडकीला गज किती आहेत गं?” ती म्हणाली, “नऊ.” “आणि खोलीला खिडक्या?” “चार.” “मग सगळे मिळून गज किती?” मी आतून लगेच “छत्तीस” म्हणालो. मास्कच्या वरून आपण माझ्याकडे पाहिलेत आणि म्हणालात, “तुम्हांला नाही विचारलं.” मुलगी एकेका खिडकीपाशी जाऊन बोट लावून मोजून आली आणि तिने पस्तीस सांगितले, कारण मागच्या खिडकीचा एक गज केव्हाच निखळला होता. आपण रजिस्टरमधून मान वर न करता “बरोबर” म्हणालात. तो आमचा पहिला धडा, आणि त्यात नापास झालो होतो मी.

तेव्हाची परिस्थिती आठवली पाहिजे. पुण्यातल्या तिच्या शाळेने जूनमध्ये मोबाइलवर तास सुरू केले आणि वर्षाची फीही पूर्ण घेतली. रेंजसाठी तिला टेकाडावरच्या लिंबाखाली बसवावे लागे, आणि चाळीस मुलांच्या त्या तासात महिनाभरात तिचा आवाज तिथल्या बाईंपर्यंत दोनदा पोहोचला. ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी स्मार्टफोन असण्याचे प्रमाण ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत २०२० साली देशभरात ६१.८ टक्के आढळले होते; पण आमच्यासारख्या घरात एकच फोन असतो आणि तो बापाच्या खिशात असतो, ही गोष्ट टक्केवारीत दिसत नाही. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर २० जुलैपासून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ हे अभ्यासाचे कार्यक्रम सुरू झाले, ते आम्ही वीज असेल तेव्हा आवडीने पाहिले. तरीही ज्या घरात ना फोन ना टीव्ही, त्या घरातल्या पोराचे काय, हा प्रश्न उरत होताच, आणि आपण सुरुवात तिथून केलीत.

पिठाची गिरणी टाळेबंदीतही चालू होती आणि दळण घेऊन तिथे प्रत्येक घरातले कोणीतरी जातच होते. हे हेरून आपण गिरणीच्या भिंतीला बुटांचा एक रिकामा खोका अडकवलात आणि दर सोमवारी त्यात इयत्तावार चिठ्ठ्या ठेवायला सुरुवात केलीत. कार्बन घालून हाताने लिहिलेल्या, वहीच्या अर्ध्या पानाच्या त्या चिठ्ठ्या होत्या. वर क्रमांक असे, पुढच्या बाजूला मुलांसाठी आठवड्याचे काम आणि मागच्या बाजूला “मोठ्यांसाठी” अशा मथळ्याखाली दोन ओळी. पहिल्याच चिठ्ठीच्या मागे लिहिले होते: “उत्तर सांगू नये. पुन्हा मोजायला सांगावे.” ते प्रत्येक पालकासाठी होते हे मला ठाऊक आहे, तरी वाचताना माझे कान गरम झाले. माझ्या मुलीच्या इयत्तेची, म्हणजे तिसरीची, एक चिठ्ठी जास्तीची लिहून तिच्यावर आपण माझ्या आईचे नाव घातले होते. आम्ही ती मागितली नव्हती.

आता कामांविषयी. त्यांतल्या एकालाही विकत आणायचे साहित्य लागले नाही, आणि एकही काम घरातल्या रोजच्या कामाच्या आड आले नाही. बाजरीच्या ताटांच्या कांड्या तोडून दहा-दहांच्या जुड्या बांधण्याचे काम घ्या. आदल्या वर्षी, २०१९ मध्ये, दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात सत्तावीस हे ‘वीस सात’ असेही वाचायला दिले तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने त्याची टिंगल केली होती आणि छापखान्यात चहाच्या वेळी त्यात मीही हात धुऊन घेतला होता. माझी मुलगी सत्तेचाळीस लिहा म्हटले की चौऱ्याहत्तर लिहीत असे. चार जुड्या आणि सात सुट्या कांड्या तिने स्वतः मांडल्या, “चाळीस आणि सात” असे म्हटले, आणि मग “सत्तेचाळीस” म्हटले, तेव्हा आपल्या भाषेत आधी एकक बोलतात आणि लिहिताना मात्र दशक आधी येतो, ही अडचण माझ्या पहिल्यांदा लक्षात आली. बाजारात सत्तेचाळीसच म्हणावे लागते आणि ते यायलाच हवे, हे माझे मत आजही कायम आहे. टिंगल तेवढी मागे घेतो.

मापांची चिठ्ठी आईसाठी सणासारखी ठरली. घरात धान्य मोजायची जुनी मापे असतील तर कशात काय किती वेळा मावते ते करून पाहा, एवढेच त्यात लिहिले होते. आईने माळ्यावरून चिपटे, मापटे, शेर आणि पायली खाली काढली, अंगणात गोणपाट अंथरले आणि बाजरी ओतली. दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मुलगी भरत होती, आई वरून हाताने रास सपाट करत होती, आणि पायलीत सोळा चिपटी मावली तेव्हा दोघींनाही सारखाच आनंद झाला. मग आपल्या चिठ्ठीतला शेवटचा प्रश्न आला: पायली भरलेली आहे आणि मापटेभर धान्य काढून घेतले, तर कितवा भाग गेला? आठवा भाग हा शब्द पुस्तकात भेटण्याआधी तिने तो बाजरीत हात घालून काढला. आई चौथीपर्यंतच शिकलेली, पण तिला पावकी, निमकी आणि दिडकी, म्हणजे पाव, अर्ध्या आणि दीडपटीचे पाढे, अजून तोंडपाठ आहेत, हे मला चाळिशीत कळले, कारण तोवर मी कधी विचारलेच नव्हते.

भाषेच्या चिठ्ठीवरून मात्र माझे आणि आपले वाजले, असे म्हणावे लागेल. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांच्या लहानपणच्या किंवा तरुणपणच्या दुष्काळाविषयी विचारा आणि ते जसे बोलतात तसेच लिहा, असे काम होते. आईने बाहत्तरच्या दुष्काळाचे सांगितले, आणि मुलीने वहीत लिहिले, “आमी खडी फोडाया जायचो, तितं सुकडी मिळायची.” मी लाल पेनने ‘आम्ही’, ‘फोडायला’ आणि ‘तिथे’ असे दुरुस्त केले. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या पाहणीसाठी आपण घरोघर फिरत होता आणि ताप, ऑक्सिजन मोजता मोजता वह्याही पाहत होता. आमच्या दारात उभ्या राहून आपण ते पान पाहिलेत, मला काही बोलला नाहीत, आणि पुढच्या सोमवारी चिठ्ठीच्या मागे ओळ आली: “आजीचे वाक्य दुरुस्त करू नये. शेजारी पुस्तकातल्या भाषेत लिहावे आणि दोन्ही मोठ्याने वाचावीत.” मुलीने दोन रकाने आखले. डावीकडच्या रकान्यातले वाचताना तिचा आवाज आईसारखा होई आणि उजवीकडचे वाचताना आकाशवाणीवरच्या बातम्यांसारखा. प्रमाण मराठी तिला त्या दोन रकान्यांमुळेच लवकर आली असे माझे मत झाले आहे. कोणता शब्द कुठे बदलतो ते तिला डोळ्यांनी दिसत होते.

सर्वांत जास्त ऋणी मात्र मी सावलीच्या चिठ्ठीचा आहे. ती अगदी सुरुवातीची, जूनमधली. अंगणात काठी उभी रोवायची, दिवसभर थोड्या थोड्या वेळाने तिच्या सावलीच्या टोकाशी खडा ठेवायचा, आणि सर्वांत लहान सावली किती वाजता व कोणत्या दिशेला पडते ते लिहायचे. मुलीने कमरेएवढी काठी रोवली. संध्याकाळी तिने वही दाखवली: सर्वांत लहान सावली चार-पाच बोटे, वेळ साडेबारा, दिशा मारुतीच्या देवळाकडे, म्हणजे दक्षिणेला. मी म्हणालो, सूर्य डोक्यावर बाराला येतो, तुझे घड्याळ चुकले असेल. आणि आपल्याकडे दुपारची सावली नेहमी उत्तरेला पडते. तिने ऐकून घेतले, वहीत काही खोडले नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खडे मांडले. उत्तर तेच आले. तिसऱ्या दिवशी मी स्वतः काठीपाशी उन्हात उभा राहिलो.

पुढच्या चिठ्ठीत आपण सरळ उलगडा लिहिला नाहीत, दोन माहित्या तेवढ्या दिल्या. देशाचे घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर लावलेले आहे आणि आपला तालुका त्याच्या पश्चिमेला साधारण ८ अंशांवर आहे. आणि एक अंश सरकायला सूर्याला ४ मिनिटे लागतात. आठ चोक बत्तीस, हे तिने मला सांगितले. दिशेचेही तसेच: जूनमध्ये सूर्य आपल्या माथ्याच्या थोडा उत्तरेकडून जातो, म्हणून दुपारची छोटी सावली दक्षिणेला पडते. चाळीस वर्षे मी त्याच अंगणात जूनच्या दुपारी वावरलो होतो. आठ वर्षांच्या मुलीने जे पाहिले ते मी तिच्याकडून खोडून घेण्याच्या बेतात होतो, आणि पहिल्या चिठ्ठीमागच्या आपल्या त्या दोन ओळी आधीच आल्या नसत्या तर मी ते खोडून घेतलेही असते.

सगळे साधले असे मी म्हणणार नाही आणि आपणही म्हणू देणार नाही. फडक्यात मटकी भिजवून रोज कोंबांची लांबी मोजण्याचे काम आमच्याकडे तिसऱ्या दिवशी उसळीत संपले. काही घरांतून चिठ्ठ्या नेल्या गेल्या आणि वह्या कोऱ्याच राहिल्या. दिवाळीनंतर मेंढरांमागे निघालेल्या घरातल्या पोराला आपण आठ चिठ्ठ्या एकदम दिल्यात. त्यांतल्या किती झाल्या हे मला माहीत नाही, पण परतल्यावर त्याने कोकरांची वजने लिहिलेली वही आपल्याला दाखवली, एवढे मी पाहिले आहे.

जून २०२१ मध्ये आम्ही पुण्याला परतलो. प्राथमिकचे वर्ग त्या डिसेंबरात उघडले, आणि पहिल्या आठवड्यातच तिने शाळेच्या मैदानात झेंड्याच्या खांबाच्या सावलीला खडे लावले म्हणून तिला वर्गात यायला उशीर झाला. मला बोलावणे आले. मी गेलो, ऐकून घेतले, आणि घरी येऊन तिला वेळ तेवढी विचारली. आता ती आठवीत आहे.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. जून २०२० ते एप्रिल २०२१ या काळातल्या तिसरीच्या एकूण ४१ चिठ्ठ्या झाल्या. त्या मी जुळवून, कडा कापून, दोऱ्याने शिवायला घेतल्या आहेत. पाठीला कापड लावून दोन प्रती बांधायच्या आहेत, मूळ चिठ्ठ्यांची आमच्याकडे आणि झेरॉक्सची आपल्यासाठी. ती शाल नव्हे, त्यामुळे नाकारता येणार नाही. मात्र क्रमांक ९ ची चिठ्ठी शेळीने खाल्ली आणि क्रमांक २६ ची आईने नजरचुकीने चूल पेटवताना वापरली. आपल्याकडे कार्बनखालच्या प्रती असतील तर त्या दोन चिठ्ठ्या आईच्या हाती द्याव्यात, ही विनंती. शिवण त्या दोन जागा मोकळ्या ठेवून थांबवली आहे.

आपला नम्र,
पटाबाहेरच्या एका विद्यार्थिनीचा बाप