काका, ‘नाही’ म्हणाल्याबद्दल आभार

प्रिय काका,

वर्षाच्या सुरुवातीला आम्हाला बघायच्या बारा पक्ष्यांची यादी तुम्हाला पाठवली, तेव्हा तुम्ही एकही नाव खोडलं नाहीत. प्रत्येकापुढे फक्त तो बघायला जायचा महिना लिहायला लावलात. बारांतले नऊ दिसले, त्याचं निम्मं श्रेय त्या रकान्याचं. बाकीचं तुमच्या ‘नाही’चं, आणि हे पत्र मुख्यतः त्यासाठीच.

महिना काढायची रीतही तुमचीच. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर लोक आपापल्या फेरीत दिसलेल्या पक्ष्यांच्या याद्या भरतात; किती याद्यांत तो पक्षी आहे, ते दाखवणाऱ्या तिथल्या आलेखात दर महिन्याचे चार भाग असतात. पट्टी जिथे जाड, तेव्हा जायचं. पण आधी त्या आठवड्यात एकूण याद्या किती, ते बघायचं. पाचांपैकी दोन याद्यांत पक्षी असला की चाळीस टक्के दिसतात, आणि त्या दोन्ही याद्या एकाच सकाळच्या असू शकतात! त्या हिशेबाने तिबोटी खंड्या जूनच्या सरींबरोबर कोकणात, नवरंग पावसाच्या तोंडावर, पहाटे नि तिन्हीसांजेला त्याच्या दोन सुरांच्या शिळेमागे, आणि वनपिंगळा सागाची पानं झडल्यावर.

वनपिंगळ्यासाठी तुम्ही सर्वांत जास्त वेळ खर्ची घातलात. १८८४ नंतर थेट १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलेला पक्षी तो. त्याची नोंद अंदाजाने करायची नसते. आम्ही वनपिंगळ्याचे म्हणून दिलेले आणि तुम्ही ‘नाही’ म्हणून परत पाठवलेले फोटो साध्या पिंगळ्याचे निघाले. वनपिंगळ्याचा माथा जवळजवळ बिनठिपक्यांचा, छाती सलग तपकिरी, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा आणि पाय पांढऱ्या पिसांनी गच्च भरलेले. गोम अशी, की कडक उन्हात फोटो जास्त उजळला तर साध्या पिंगळ्याच्या माथ्यावरचे ठिपकेही पुसले जातात. अशा वेळी माथा सोडून पोट बघायचं: तिथे तपकिरी ठिपके असले तर विषय संपला. ‘दिवसा उघड्यावर बसला होता’ हा पुरावाच नाही, साधा पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो.

रातव्याचा फोटो तर तुम्ही पाहिलाही नाहीत, आवाज मागितलात. बरोबरच होतं. टणक जमिनीवर सोडलेल्या चेंडूसारखे टप्पे जवळजवळ येत गेले तर भारतीय रातवा. इतकी स्वच्छ खूण त्याच्या पिसांत शोधून सापडत नाही.

मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावायला तुम्ही विणीच्या हंगामात साफ मनाई केलीत. हद्द राखणारा नर तो आवाज घुसखोराचा समजतो आणि खाणं, भरवणं सोडून त्याच्यामागे लागतो. तिबोटी खंड्याच्या बिळाजवळ तुम्ही सांगितलेली खूण तर पाठच झाली आहे. भक्ष्याचं डोकं चोचीबाहेर असेल तर ते पिल्लासाठी किंवा जोडीदारासाठी, घशाकडे असेल तर स्वतःसाठी. डोकं बाहेर धरून पक्षी एकाच फांदीवर ताटकळत बसला आणि बिळात गेला नाही, तर अडथळा आपणच आहोत; मागे सरकायचं.

दुर्बिणीचा वाद तुम्ही दोन भागाकारांत मिटवलात: ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) मधून डोळ्यापर्यंत सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत येतो, १०×४२ मधून ४.२ चा. पावसाळी रानात हा फरक जाणवतो, शिवाय आठपटीत हाताची थरथरही कमी दिसते.

आणि हो, पक्षी न दिसलेल्या दिवसांच्या याद्याही भरल्या आहेत: सुरुवातीची वेळ, मिनिटं, अंतर, किती जण, ओळखता आलेले सगळे पक्षी, कावळे-साळुंक्यांसकट. नुसता हवा तो पक्षी लिहिला तर तो नसल्याची नोंद कुठेच राहत नाही, हे आमच्या डोक्यात शिरायला एप्रिल उजाडला.

उरलेल्या तिघांत तणमोर आहे. त्याच्या रकान्यात जुलै ते सप्टेंबर लिहून ठेवलंय. नराची उडी गवतावरून दिसते, तेव्हा बांधावरच थांबायचं, गवतात शिरायचं नाही, हेही पुढे लिहिलंय. तेवढं एक ‘नाही’ तुमचं वाचलं.

तुमचे,
बारा पक्षीवाले