दोनशे मार्कांचा कार्बोरेटर आणि फुकट पास : शिक्षणमंत्र्यांना एका गॅरेजवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : अकरावी-बारावीला गाडी चालवणं हा ऐच्छिक विषय ठेवण्याबाबत, आणि तो ठेवतो म्हणून सांगून न ठेवण्याबाबत.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांना नोटीस जाईल, ते खुलासा देतील, आणि तुमच्या फायलीवर 'तक्रारीचे निराकरण झाले' असा शेरा पडेल.

मागच्या जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानात आमच्याकडच्या कनिष्ठ महाविद्यालयात एक मोठे अधिकारी आले होते. बॅनर बांधायला शिडी माझ्या गॅरेजमधून नेली होती, म्हणून मीही मागे उभा होतो. साहेब म्हणाले, जूनपासून या कॉलेजात आठवड्याला एक तास गाडी चालवण्याचा, मैदानावर चुन्याचे पट्टे मारून सराव, आणि अठरा पूर्ण होतील त्यांचं लर्निंग लायसन्स कॉलेजातच. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. जून आला, तास आला नाही. चुना आला होता, तो गणपतीच्या मांडवाला वापरला.

डिसेंबरात माझी मुलगी पडली. सतरा वर्षांची आहे, बारावी सायन्स. क्लास नऊ किलोमीटरवर, सकाळी साडेसहाला. एसटीचा पास तिच्याकडे आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकरांच्या नावाने सरकार बारावीपर्यंतच्या मुलींना तो फुकट देतं, त्याबद्दल आभार. फक्त त्या वेळेला एसटी नाही. पहिली गाडी आठला. मग ती काय पास दाखवत पळत जाणार होती?

म्हणून स्कूटर दिली. मीच दिली. एकशे दहा सीसीची, चांगली सर्व्हिस केलेली. ऊसतोडीचे दिवस, अंधार. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर लाइट डोळ्यावर, आणि डाव्या अंगाला उसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर, ना एखादं पांढरं पोतं. हेल्मेट होतं, पट्टा लावलेला होता, म्हणून आज ती घरात आहे. मांडीत रॉड आहे.

अप्पर डोळ्यावर आला की नजर डाव्या पांढऱ्या पट्टीवर न्यायची, एक्सिलेटर सोडायचा, ब्रेक हळूहळू दाबत जायचा. चाळीसच्या वेगाला गाडी एका सेकंदाला अकरा मीटर जाते. दचकून विचार करेपर्यंत दोन ट्रॉल्यांमधलं अंतर संपलेलं असतं. हे मी वीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगतोय, चहा पाजून सांगतोय. पोरीला सांगायचं राहिलं. तिला वाटायचं बाबांना येतं म्हणजे आपल्यालाही येतं, आणि मलाही तसंच वाटत होतं बहुतेक.

आता कायदा. 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. हा गुन्हा मी या पत्रात कबूल करतोय. धरा मला. पण मग कुठल्याही तालुक्याच्या क्लासबाहेर सकाळी सहाला एक पोलीस व्हॅन उभी करा आणि खऱ्या अर्थाने पालक मेळावा भरवा, तुरुंगात. ते होणार नाही हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, आणि पोरांना तर आपल्या दोघांच्या आधीपासून माहीत आहे.

याच कायद्यात सोळाव्या वर्षी गाडी चालवायची एक वाटही आहे. इंजिन पन्नास सीसीच्या आत हवं. साहेब, एवढ्या ताकदीची पेट्रोलची गाडी मला शोरूममध्ये दाखवा, मी फुकट सर्व्हिसिंग करीन. ही वाट लुनासारख्या छोट्या मोपेडसाठी होती. पेट्रोलची लुना गेली, वाट कागदावर तशीच आहे. त्यात पंचवीसच्या वेगाच्या बॅटरीवाल्या स्कूटरना लायसन्सच लागत नाही. म्हणजे मुलाने रस्त्यावर उतरायचं, पण शिकायची गरज नाही. आणि अठरा झाले की घरात बसून ऑनलाइन पंधरा प्रश्न, नऊ बरोबर आले की लर्निंग. ती उत्तरं नक्की कोण देतं ते तुमच्या शेजारच्या परिवहन खात्याला विचारा, मी गॅरेजवाला, मला काय कळतं.

मला कळतं ते एवढंच. मीही तुमच्याच बोर्डाचा. अकरावी-बारावीला बायफोकल, म्हणजे व्यवसायाचा एक विषय घेता यायचा, ते होतं. विषय 'स्कूटर अँड मोटरसायकल सर्व्हिसिंग', दोनशे मार्कांचा. चेतकचा कार्बोरेटर डोळे मिटून खोलायला शिकलो, त्यावर आज घर चालतं. वर्कशॉप होतं, सर होते, गाडी होती. दोन वर्षांत एकदाही कुणी ती गाडी रस्त्यावर कशी चालवायची ते सांगितलं नाही. गाडी चालवायला मी मामाच्या लुनावर, बैलबाजाराच्या मैदानात शिकलो. म्हणजे स्कूटर दुरुस्त करणं हा विषय होऊ शकतो, ती मोडू नये म्हणून काय करायचं हा होऊ शकत नाही! नववी-दहावीला जलसुरक्षा आहे, संरक्षणशास्त्र आहे. असावंच. देशाचं संरक्षण शिका, पाण्याचंही शिका, डोक्याचं तेवढं घरी बघा. आरएसपी, म्हणजे शाळेतलं रोड सेफ्टी पेट्रोल आहे म्हणाल, मीही केलंय. शिट्टी वाजवून दुसऱ्याला थांबवायला शिकलो.

माझ्याकडे महिन्याला चार-पाच गाड्या अशा येतात. पुढच्या चाकाचा चिमटा वाकलेला, हेडलाइटचा मास्क फुटलेला, सोबत मिशी न फुटलेलं पोरगं आणि "काका, घरी सांगू नका". बहुतेकांनी वाळूवर किंवा ओल्या रस्त्यावर पुढचा ब्रेक दाबलेला असतो. 2019 पासून एकशे पंचवीस सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना निदान कॉम्बी ब्रेक, म्हणजे एकाच लिव्हरने दोन्ही चाकांना लागणारा ब्रेक, सक्तीचा आहे. तो मागच्या ब्रेकच्या लिव्हरला जोडलेला असतो, हे त्या पोरांना माहीतच नसतं. दहा मिनिटांचा धडा आहे. गॅरेजच्या पायरीवर बसून मी तो देतो, पण दरवेळी पडून झाल्यावर.

आकडे हवेत? देशात 2022 साली रस्त्यावर 1,68,491 माणसं मेली, त्यातली जवळजवळ 75 हजार दुचाकीवरची. आपल्या राज्यात वर्षाला पंधरा हजारांच्या घरात, म्हणजे दिवसाला चाळीस. एवढी माणसं पुरात गेली असती तर तुम्ही हेलिकॉप्टरमधून पाहणी केली असती.

दवाखान्याचं बिल एक लाख ऐंशी हजार झालं. अपघातग्रस्तांना दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना केंद्राने मे 2025 मध्ये काढली, हे मी पेपरात वाचलं होतं. काउंटरवर विचारलं तर तिथल्या मुलाने माझ्याकडूनच ती माहिती लिहून घेतली. विमा कंपनी म्हणाली, लायसन्स नाही तर क्लेम नाही. बरोबरच आहे. या सगळ्या प्रकरणात नियम फक्त विमा कंपनीला पाठ आहे. बायकोच्या पाटल्या गेल्या. तिने त्यावर मला एक शब्द बोललं नाही, ते जास्त लागलं.

आणि केरळ बघा. तिथल्या मोटार वाहन विभागाने 2022 मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांसाठी रस्ता सुरक्षेचं पुस्तक तयार करून शिक्षणमंत्र्यांच्या हातात दिलं. निदान पुस्तक तरी दिलं. आपल्याकडे त्याच विषयावरचा सगळ्यात गाजलेला गृहपाठ कुठला? मे 2024, पुणे, कल्याणीनगर. सतरा वर्षांचा मुलगा, पोर्शे, दोन जीव गेले, आणि जामिनाची अट म्हणून तीनशे शब्दांचा निबंध. माझ्या मुलीने उद्या तीनशे शब्द लिहिले तर तिची मांडी जोडून मिळेल का?

शिक्षण खात्याला वेळ नाही असं मी म्हणणार नाही. तिसऱ्या भाषेसाठी 2025 मध्ये एप्रिलला एक जीआर, जूनला दुसरा, आणि जून संपायच्या आत दोन्ही मागे! अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाचं पोर्टल पहिल्याच दिवशी बसलं. गाडी असती तर मी प्लग साफ करून दिला असता. पोरं नाव एका कॉलेजात लावतात, शिकतात भलत्याच क्लासमध्ये, हजेरी कागदावर. मग अंधारात नऊ किलोमीटर जाणारी ही पोरं तुमच्या लेखी वर्गातच बसलेली असतात. वर्गात बसलेल्याला अपघात कसा होईल?

मागणी थोडी आहे. अकरावीला शंभर मार्कांचा ऐच्छिक विषय, निम्मे मार्क मैदानावरचे. वर्कशॉप असलेल्या कॉलेजांपासून सुरू करा. शिकवायला माणसं नसतील तर आम्ही गॅरेजवाले आठवड्याला एक तास फुकट येऊ, मानधनाचा जीआर नको. आणि पहाटेची एक एसटी.

काल ते अधिकारी परत आले होते. जानेवारी ना! तोच बॅनर, फक्त साल चिकटपट्टी लावून बदललेलं. म्हणाले, जूनपासून आठवड्याला एक तास. शिडी मागायला पोरगं आलं तेव्हा मी शिडी दिली नाही. मोडलीय म्हणून सांगितलं.

उत्तर पाठवणार असाल तर बारावीचा शेवटचा पेपर झाल्यावर पाठवा. सध्या घरी ती एकटीच असते, टपाल तीच उघडते, आणि पोस्टमनने हाक मारली की कुबड्या न घेता उठायला बघते.

आपला,
बारावीच्या एका मुलीचा बाप